दोन वाजताचा आकडा

रविवारी दुपारी दोन वाजता मी वहीत रक्तातली साखर २१२ लिहिली. निळ्या बॉलपेनने, नीट, दोनच्या रकान्यात. सकाळी आठला ३०२ आलं होतं, दहाला २७१, बाराला २४०. बाराच्या वेळी रक्ताचा थेंब यायला तीन वेळा टोचावं लागलं होतं, आणि तिसऱ्या वेळी तात्या ओरडला नाही, नुसता माझ्या हाताखालून सुटून आतल्या खोलीत गेला. दोन वाजता मी मीटर, पट्ट्यांची डबी आणि कापूस घेऊन त्याच्यामागे गेले. तो आईच्या लोखंडी कॉटखाली, भिंतीकडच्या कोपऱ्यात, जुन्या चपलांच्या खोक्याला पाठ लावून बसला होता. मी गुडघ्यांवर बसून मोबाइलची बॅटरी मारली. त्याने फिस्कारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त कान मिटले. दोन्ही कान मागे घेतले आणि डोक्याला असे चिकटवले की जणू तिथे कधी कान नव्हतेच. मी उठले, गुडघ्यांची धूळ झटकली, ओट्यावर वही ठेवली होती तिथे आले आणि २४० च्या खाली २१२ लिहून टाकलं. मग चार वाजता तो आपणहून बाहेर आला, निमूट कान दिला, आणि आकडा आला १८४. सहाला २१७, रात्री आठला २८९. माझा २१२ त्यांच्यात इतका चपखल बसला होता की कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

पान फार स्वच्छ दिसत होतं, तेच मला खटकत राहिलं.

तात्या हा आमचा बोका. वय अकरा, रंग तांबूस, स्वभाव निवृत्त हेडमास्तरांचा. २०१३ च्या पावसाळ्यात ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत सापडला, आणि पहिल्या दिवसापासून असा ऐटीत बसायचा की ‘मनी’, ‘पिंट्या’ वगैरे नावं कुणाच्या तोंडात येईनात. पहिल्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे खिडकीतून छज्जा, छज्ज्यावरून भिंत, भिंतीवरून मागच्या वाड्यातलं फणसाचं झाड, अशी त्याची रोजची फेरी असायची. वजन पावणेपाच किलो, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देतो तेवढ्यात नौपाड्यात काही मिळेना, म्हणून आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे सतराव्या मजल्यावर आलो. इथून येऊरचे डोंगर दिसतात, वारा छान येतो, आणि कबुतरांसाठी सगळ्या खिडक्यांना जाळी आहे. तात्याची फेरी कॉटपासून जाळीपर्यंत आणि जाळीपासून ताटलीपर्यंत एवढीच उरली. तीन वर्षांत तो सात किलोंच्या वर गेला. आम्ही कौतुकाने फोटो काढत होतो. खच्ची केलेला, वयस्कर, दिवसभर घरात बसणारा जाडा बोका म्हणजे डायबिटीसला घातलेलं निमंत्रण, हे नंतर कळलं. त्याच्या सुक्या खाण्याची दहा किलोंची गोणी स्वस्त पडते म्हणून मीच मागवत होते.

निदान आईने केलं. त्याच्या शू-शीच्या वाळूच्या ट्रेमध्ये ढेकळं मोठी व्हायला लागली होती, पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा रिकामं होत होतं, आणि खाऊन खाऊन बोका वाळत होता. मी म्हटलं, उन्हाळा आहे. आई ट्रेपाशी वाकून बघत म्हणाली, ‘‘मुंग्या लागल्यात गं. ह्याला साखर झालीय.’’ सतराव्या मजल्यावर मुंग्या येतात कशा, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला प्रश्न. ही खूण चरकसंहितेत आहे, मधुमेहाची चाहूल म्हणून, आईला ती माहेरच्या कुठल्याशा आत्याकडून मिळालेली. रक्तातली साखर एका पातळीच्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. मांजरात ही पातळी २५० च्या वर कुठेतरी असते, माणसापेक्षा बरीच उंच. म्हणजे मुंग्या येईपर्यंत पुष्कळ पाणी पुलाखालून गेलेलं असतं. मागच्या पायांच्या टाचाही तो टेकवून चालायला लागला होता, सपाता घातलेल्या म्हाताऱ्यासारखा फटक फटक. साखरेने नसा बधिर झाल्या की मांजरं अशी चालतात. आम्हाला वाटलं, वजनाने.

आईने मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतला. पाडव्याला तिने त्याला श्रीखंडाचं बोट चाटवलं होतं, एकदा नाही, दरवर्षी. ‘‘मीच गोड खायला शिकवलं त्याला,’’ म्हणून डॉक्टरांसमोर तिचे डोळे भरून आले. डॉक्टर तिशीची मुलगी, मला ताई म्हणते, आईला आजी. ती म्हणाली, ‘‘आजी, मांजराला गोड लागतच नाही. गोड ओळखायला जिभेवर जे लागतं ते बनवणारं जनुकच त्यांच्यात मोडकं असतं. तो श्रीखंडातला चक्का चाटत होता.’’ २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं म्हणे. आईला हायसं वाटलं की अपमान, हे मला कळलं नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे इतकी वर्षं केशर-वेलची वायाच गेली की.’’

दवाखान्यात पहिल्या दिवशी त्याची साखर चारशेच्या पुढे आली होती, पण डॉक्टरांनी त्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवला नाही. पिंजऱ्यात कोंबलेलं मांजर, मेट्रोच्या खांबांमधून तासभर रखडत आलेली गाडी, शेजारच्या बाकावर भुंकणारा लॅब्राडॉर. एवढ्याने निरोगी मांजराचीही साखर तीनशेच्या घरात जाऊ शकते. भीतीची साखर वेगळी, आजाराची वेगळी, आणि मीटरला फरक कळत नाही. म्हणून फ्रुक्टोसमीन नावाची तपासणी केली. ती गेल्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगते, त्या दिवशीच्या भीतीला त्यात जागा नसते. हे ऐकताना मला अण्णा आठवले. माझे वडील. अण्णांना साखर होती, आणि लॅबमध्ये जायच्या आधी दोन दिवस ते कडक पथ्यावर असायचे. संध्याकाळी तलावपाळीला दोनऐवजी चार फेऱ्या, चहा बिनसाखरेचा, रात्री नुसतं ताक. रिपोर्ट घेऊन यायचे ते पहिला नंबर आल्यासारखे. मग पुढे डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी काढणारी तपासणी लिहून द्यायला लागले, तेव्हा अण्णा म्हणाले होते, ‘‘ही तपासणी म्हणजे चहाडखोर आहे.’’ बोका तर दवाखान्यात आपली साखर वाढवून दाखवतो. अण्णांचं उलटं होतं, एवढाच फरक.

औषधाच्या दुकानातला प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानदाराने वही पुढे ओढली. ‘‘पेशंटचं नाव?’’ ‘‘तात्या.’’ ‘‘वय?’’ ‘‘अकरा.’’ त्याने चष्म्यावरून बघितलं. ‘‘अकरा की एकाहत्तर?’’ मी म्हटलं, ‘‘बोका आहे.’’ तो हसला नाही, शांतपणे ‘तात्या (बोका)’ असं लिहिलं. त्याचं हे शहाणपण मला फार आवडलं. पण सिरिंजा त्याने लाल टोपीच्या काढल्या, आणि त्या बघताच माझ्या पोटात गोळा आला. लाल टोपीची सिरिंज चाळीसची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतील त्या इन्सुलिनसाठी. अण्णांचं तसलं होतं, त्यांचा अख्खा ड्रॉवर लाल टोप्यांनी भरलेला असायचा. तात्याला दिलेलं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन शंभरचं, त्याला केशरी टोपी. लाल सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत ते ओढलं असतं तर पोटात गेली असती पाच युनिटं. साडेपाच किलोंच्या बोक्याला. ‘‘केशरी द्या,’’ मी म्हटलं. ‘‘अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली.’’ अण्णा जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती, आणि त्यांच्याकडून मिळालेली ही एक गोष्ट अशी अचानक कामाला आली.

तर ते टोचणं. आधी मोज्यात भरलेले तांदूळ तव्यावर कोमट करून घ्यायचे आणि तो मोजा कानाला शेकायचा. थंड कानातून रक्त येत नाही. मग कानाच्या कडेला नखभर व्हॅसलीन, म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. मी त्याला जाळीपाशी उजेडात घेते. उजेडासमोर धरला की कान आतून गुलाबी दिसतो, आणि अगदी कडेने जाणारी बारीक शीर दिसते, पेन्सिलीने ओढल्यासारखी. तिच्यात नाही, तिच्या जरा बाहेर टोचायचं. कानामागे कापसाचा बोळा धरायचा, नाहीतर सुई आरपार माझ्या बोटात. टिच्च असा आवाज होतो, पहिल्या आठवड्यात तो आवाज मला झोपेत ऐकू यायचा. मग थेंब. मोहरीएवढा, कधी तेवढाही नाही. पट्टीचं टोक नुसतं टेकवलं की ती स्वतःच ओढून घेते आणि मीटर पाच, चार, तीन, दोन, एक मोजतं. त्या पाच सेकंदांत मी काय काय कबूल करत असते. अण्णांचं मीटर घरात होतं, ते चालेल का म्हणून विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणाली. रक्तातली साखर पातळ भागात आणि तांबड्या पेशींत कशी वाटलेली असते ते माणसात आणि मांजरात सारखं नाही, त्यामुळे माणसांच्या मीटरवर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून जनावरांचं मीटर मागवलं. इन्सुलिन टोचायला काहीच नाही त्यामानाने. खाण्यात तोंड असताना पाठीच्या कातडीचा तंबू करायचा आणि सुई आत. त्याला कळतही नाही. एके काळी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून माणसांसाठी इन्सुलिन काढायचे. आता माणसांसाठी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मी बोक्याला देते. इन्सुलिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, आणि गंमत म्हणजे मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एकाच मण्याने वेगळं आहे, माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चार मण्यांनी. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘तरी मला वाटतच होतं, त्याचं आपल्याशी काही जुळत नाही.’’

ओट्याच्या कोपऱ्यात मधाची बाटली असते. आकडा ६० च्या खाली गेला, किंवा तो झोकांड्या खायला लागला, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. ज्याला गोड कळत नाही त्याच्यासाठी ठेवलेला मध. ती बाटली अजून उघडायची वेळ आलेली नाही, आणि रात्री पाणी प्यायला उठले की मी तिच्याकडे बघते.

अण्णा २०११ मध्ये गेले. आधी पायाची जखम, मग मूत्रपिंडं. त्यांची कपाटं आवरताना एक रोजनिशी सापडली. काका अमेरिकेहून मीटर घेऊन आले होते आणि अण्णांनी दर रविवारी उपाशीपोटी साखर मोजून रोजनिशीत लिहायची, असं मीच ठरवून दिलं होतं. मी तेव्हा बँकेत नवीन, ऑडिटमध्ये रुळलेली, मला रकाने आवडायचे. दर रविवारी मी फोन करायची, ‘‘किती?’’ आणि ते सांगायचे, एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे सोळा. रोजनिशीत ते सगळे होते. जानेवारीपासून मार्चपर्यंतचे आकडे एकाच पेनने, एकाच तिरकस वळणात, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. खालच्या खणात पट्ट्यांची डबी सापडली. सील न तोडलेली. मुदत संपून वर्ष झालेलं. मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ बसले होते, आणि मला रडू आलं नाही, राग आला. तो राग पुढे बरीच वर्षं पुरला. कुणी ‘अण्णांसारखा सरळ माणूस’ म्हटलं की मला ती सीलबंद डबी दिसायची.

रविवारी रात्री मी वहीच्या पानाचा, म्हणजे दिवसभराच्या साखरेच्या कर्व्हचा, फोटो डॉक्टरांना पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं. ताई, मस्त कर्व्ह आहे, एकदम स्मूथ. सर्वांत खालचा आकडा १८४ म्हणजे अजून जागा आहे, आपल्याला ८० ते १५० हवाय. उद्या सकाळपासून अर्धं युनिट वाढवा, अडीच द्या. शेवटी अंगठ्याचं चित्र. मीही उत्तरादाखल अंगठा पाठवला.

अर्धं युनिट म्हणजे थेंबाचा दहावा हिस्सा. झोप येईना तेव्हा मी हा हिशेब करत होते. इन्सुलिन दिल्यावर साधारण मधल्या तासांत साखर सर्वांत खाली जाते, म्हणून तर दर दोन तासांनी मोजायचं. डोस सव्वाआठला दिलेला. दोन वाजता पावणेसहा तास होतात. म्हणजे मी बारा तासांतला नेमका तो आकडा मनाने लिहिला होता ज्याच्यासाठी बाकीचे सहा घेतले. दोनला तो ९० वर जाऊन चारला परत १८४ वर आलेला असला तर? मग डोस वाढवायचा नसतो, उलट हात आखडायचा असतो. किंवा तो खरंच २१० च्या आसपास असेल. शक्य आहे. मी एवढी वर्षं आकड्यांत काढली आहेत, माझा अंदाज वाईट नसतो. बँकेत मी असल्या ‘अंदाजा’साठी लोकांना मेमो दिलेले आहेत, हे आठवलं तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते.

सोमवारी सकाळी सिरिंज भरताना माझा हात दोनच्या रेघेवरच थांबला. दोन दिलं. आई मागे चहा गाळत होती. तिने विचारलं, ‘‘वाढवायचं होतं ना आजपासून?’’ मी म्हटलं, बघू. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘‘काल दुपारी मी विचारलं किती आली, तर तू खिडकीकडे बघून दोनशे बारा म्हणालीस. तुझे अण्णा फोनवर तुला आकडा सांगायचे ना, तेही असेच गॅलरीकडे तोंड करायचे.’’

मी विचारलं, ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘रोज बघत होते मी. ती सुई हातात घेऊन बसायचे अर्धा अर्धा तास. मग ठेवून द्यायचे. बोटाला भ्यायचे गं, आकड्याला नाही.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आकड्यालाही भीत असतील. मी काय विचारलं नाही.’’

तुला सांगावंसं वाटलं नाही का मला, हे मी विचारलं नाही. चहा प्यायला. मग डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं की दोन वाजताचा आकडा लिहिलेला आहे, मोजलेला नाही. पलीकडे क्षणभर शांतता. मागे कुठलं तरी कुत्रं ओरडत होतं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीत उभी होते, शाळेतल्यासारखी. ती म्हणाली, ‘‘बरं झालं फोन केलात. दोनच ठेवा. येत्या रविवारी परत कर्व्ह करू. आणि ताई, नाही जमलं तर रकाना रिकामा सोडा. रिकाम्यावरून मला कळतं काहीतरी.’’

या रविवारी आठला २९४ आलं, दहाला २५५, बाराला १९८. दोन वाजता तात्या पुन्हा कॉटखाली. आई वर बसून वाती वळत होती, तिने पाय वर घेतले. मी या खेपेला त्याला ओढायला गेले नाही, सरळ जमिनीवर पालथी झाले आणि कोपरांवर सरकत आत गेले. कॉटखाली धूळ, एक सेफ्टी पिन, नौपाड्याच्या घराच्या कुलपाची किल्ली, जी आम्ही महिनाभर शोधली होती. तात्याने कान मिटले. मी मोजा त्याच्याशेजारी ठेवला आणि तशीच पडून राहिले, त्याच्याकडे न बघता. नाकात धूळ जात होती. पाच-सात मिनिटांनी त्याने स्वतःच गाल त्या कोमट तांदळांवर टेकवला, आणि एक कान, उजवा, हळूहळू उभा राहिला. अंधारात शीर काही दिसेना. बोटाला लागली तिथे टोचलं. पाच, चार, तीन, दोन, एक.

‘‘किती गं?’’ वरून आई.

‘‘एकशे एकतीस.’’

वरून काही आवाज आला नाही. मग कॉट करकरली, आणि आईचं डोकं उलटं खाली आलं, केस लोंबकळत, चष्मा कपाळाकडे घसरलेला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे करू नये. तिने मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत वर गेली.

हा आकडा कळला म्हणून मागच्या रविवारचा कळला असं नाही. एकाच बोक्याचे दोन दिवसांचे कर्व्ह सारखे येत नाहीत, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. मागच्या पानावर २१२ वर मी एक आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. अण्णांची रोजनिशी माळ्यावरच्या पेटीत आहे. काढावीशी वाटली, काढली नाही. आता पेटी उतरवायला शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं.

तात्याने पंजा ओला करून कानावरून फिरवला. व्हॅसलीन पुसलं, पंजा चाटला, तोंड वाकडं केलं. मी अजून पालथीच होते. चारच्या आकड्याला पावणेदोन तास होते.